निदानरेषा

लालबागच्या नाक्यावरून निघून भारतमाता सिनेमावरून परळकडे चालत गेलं, तर वीसेक मिनिटांत आचार्य दोंदे मार्ग लागतो. या एका रस्त्याच्या आसपास मुंबईने जेवढी वैद्यकी गोळा केली, तेवढी देशात फार थोड्या ठिकाणी असेल. गव्हर्नरचा जुना बंगला १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांच्या प्लेगच्या प्रयोगशाळेला मिळाला आणि १९२५ पासून तिला त्यांचंच नाव लागलं. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय उघडलं, तेही डॉक्टर भारतीयच नेमायचे असा आग्रह धरून. १९२९ मध्ये वाडियांचं लहान मुलांचं रुग्णालय आलं, १९४१ मध्ये टाटांचं कर्करोगाचं. चिंचपोकळीच्या अंगाला आर्थर रोडवर साथीच्या रोगांचं रुग्णालय, आजचं कस्तुरबा, १८९२ पासून आहेच. शिवडीला क्षयाचं.

आणि या सगळ्याच्या मधोमध आमच्या तालमी, व्यायामशाळा आणि हुतूतूची मैदानं. खेळणाऱ्या पोराचं दुखणं आधी वस्तादाकडे जायचं, मग गल्लीतल्या दवाखान्यात आणि सगळ्यात शेवटी त्या वीस मिनिटांवरच्या रस्त्याला लागायचं. लचक, मुरगळ, निखळलेला खांदा, फुटलेली भुवई यांत या क्रमाने काही बिघडत नसे. मेनिंजायटिसमध्ये बिघडायचं. मेंदूच्या आवरणाला आलेली सूज थांबत नाही, आणि तिची पहिली लक्षणं खेळाडूच्या रोजच्या दुखण्यांसारखीच दिसतात. गिरणगावचा इतिहास लिहिताना संपाबद्दल, मेळ्यांबद्दल, गणपतींबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. या चुकामुकीबद्दल कुणी लिहिलेलं मी पाहिलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझे वडील कराडकडचे. आख्खी चाळ त्यांना आबा म्हणायची, तालीम वस्ताद म्हणायची. दिवसा गिरणीत साचेखात्यात, संध्याकाळी तालमीत. गिरणगावात ढोबळ वाटणी अशी होती की तालमी घाटावरच्यांच्या आणि हुतूतूचे संघ कोकणातल्यांचे. पण अंग दुखलं की दोघांची पोरं येऊन बसायची ती वस्तादाच्याच पुढ्यात. तांबडी माती चाळून तीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून आखाडा मळायचा. कोपऱ्यात मारुतीची तसबीर, तिच्याखाली तिळाच्या तेलाची बाटली आणि एक जाड सुती पट्टा. एवढ्या सामग्रीवर आबा हाडं बसवायचे, शिरा मोकळ्या करायचे, मान उतरवायचे. पैसे घेत नसत. नारळ घेत, तोही मारुतीला.

ही विद्या खोटी नव्हती. कोणता स्नायू ताठलाय, कोणता सांधा सरकलाय हे आबांच्या अंगठ्याला कळायचं आणि पोरं दुसऱ्या दिवशी मैदानात उतरायची. अडचण दुसरीच होती. ज्याच्या हाताला फक्त स्नायू आणि सांधा कळतो, त्याच्यासमोर आलेलं प्रत्येक दुखणं स्नायूचं किंवा सांध्याचं ठरतं. त्यात समोर बसलेला पोरगा अंगापिंडाने दणकट, शंभर जोर आणि दोनशे बैठका मारणारा. अशाला काय होणार? चाळीतल्या अशक्त माणसाला ताप आला की बायका दृष्ट काढायच्या आणि डॉक्टरही गाठायच्या. पैलवानाला ताप आला की सगळे म्हणायचे, अंगावर निघून जाईल.

हुतूतूला गिरणगावात किती मान होता, हे आज प्रो कबड्डी बघणाऱ्यांना सांगून पटत नाही. पाळी सुटली की लोक घरी जायच्या आधी मैदानाच्या कडेला उभे राहायचे. गिरण्यांचे, बेस्टचे, रेल्वेचे संघ होते. चांगली चढाई करणारा पोरगा गिरणीतल्या कुणा जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, नजरेत भरला की बदली कामगार म्हणून लागायचा आणि एका हंगामात कायम व्हायचा. बुवा साळवींसारखी माणसं खेळाचे नियम, संघटना, निवड यांसाठी आयुष्य घालत होती. पण पोरांच्या लेखी त्या खेळाचा अर्थ नोकरी असा होता. निवडीच्या सामन्याआधी ‘मला बरं वाटत नाही’ म्हणणं म्हणजे घरच्या चार माणसांच्या ताटात हात घालणं.

राहायला गावकीच्या खोल्या. दहा बाय बारा किंवा त्याहून थोडी मोठी जागा, भिंतीला खुंट्या, खुंट्यांना ट्रंका आणि पाळीपाळीने झोपणारी पंधरा-वीस माणसं. एकाचं अंथरूण गार व्हायच्या आत त्यावर दुसरा आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत. रात्री थंडीत खिडकी बंद. अशा खोलीत एकाला खोकला लागला, तर क्षयाच्या जंतूला दुसरं काय हवं? पोरं मैदानात मोकळ्या हवेत दम घुमवायची आणि रात्री त्या खोलीत श्वास घ्यायची. बाहेरच्या पाहुण्याला पोरांची छाती दिसायची, खोली दिसायची नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका संघात एक चढाई करणारा पोरगा होता, विशीच्या आतला. नाव लिहीत नाही, त्याच्या घरची माणसं अजून त्याच वस्तीत आहेत. हलक्या अंगाचा, डाव्या पायाने टांग मारण्यात पटाईत. दिवाळीनंतर त्याचं डोकं दुखायला लागलं. सकाळी जास्त, दुपारी कमी. जेवण तुटलं. सगळे म्हणाले, उन्हात सराव करतोस, पित्त झालंय. आईने डोक्याला सुंठ लावली. गल्लीतल्या दवाखान्यात गेला, तिथे तापाच्या गोळ्या मिळाल्या, पुढच्या खेपेला टायफॉइडचं औषध मिळालं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, त्याला कुणी ताप म्हणत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा एक सामना मी स्वतः पाहिला. चढाईला गेला, चढाई करणाऱ्याला ओलांडावीच लागते ती निदानरेषा ओलांडायच्या आधीच थांबला आणि प्रतिस्पर्ध्यांकडे अशा नजरेने बघत राहिला जशी ती माणसं त्याला दोन-दोन दिसत असावीत. मग परत फिरला. प्रेक्षक ओरडले. कप्तानाने शिवी हासडली. त्या रात्री त्याला उलटी झाली आणि दुसऱ्या दिवशी मान आखडली म्हणून त्याला आबांकडे आणलं. आबांनी तेल लावून मान चोळली, मोकळी करायचा प्रयत्न केला. मान मोकळी होईना. पोरगा कण्हत होता, पण ‘कुठे दुखतंय’ विचारलं तर भलतंच उत्तर देत होता. आबांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, ‘हे माझं काम नाही. टॅक्सी बोलवा.’

महापालिकेच्या मोठ्या इस्पितळात त्या रात्री एक तरुण डॉक्टर ड्यूटीवर होता. त्याने पोराच्या डोक्याखाली हात घालून डोकं हळूच उचललं. हनुवटी छातीकडे जाण्याऐवजी मानेसकट खांदे उचलले गेले आणि गुडघे आपोआप पोटाकडे आखडले. मग त्याने डोकं डावी-उजवीकडे फिरवलं. ते फिरलं. आबांकडे वळून तो म्हणाला, ‘बघा वस्ताद, लचकलेली मान बाजूला वळत नाही. ही बाजूला वळते, पुढे वाकत नाही. हे दुखणं मानेचं नाही, मेंदूच्या आवरणाचं आहे.’ पोलंडच्या ब्रुडझिन्स्की नावाच्या डॉक्टरने ही गुडघे आखडण्याची खूण १९०९ मध्ये लिहून ठेवली होती, हे मला फार नंतर कळलं. आबांना त्या रात्री कळलं आणि पुरलं.

पुढचा प्रश्न पाठीतल्या पाण्याचा होता. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून पाणी काढायची रीत जर्मनीच्या क्विंके यांनी १८९१ मध्ये घालून दिली. ते पाणी पाहिल्याशिवाय मेनिंजायटिस आहे की नाही आणि असला तर कोणत्या जंतूचा, हे आजही नीट ठरत नाही. पण गिरणगावात पक्की समजूत होती की पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो. पोराच्या चुलत्याने सही करायला नकार दिला. दोन तास गेले. त्या तासांचा राग मला कित्येक वर्षं त्या चुलत्यावर होता. जुन्या मुंबईबद्दल वाचत गेलो तशी त्या भीतीची मुळं दिसली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा आजाऱ्यांना घरातून उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेऊ लागले. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, तिथे माणसं मारतात, अशी वदंता पसरली. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला. लोक वेडे नव्हते. नेलेल्यांपैकी बहुतेक खरोखरच परत येत नव्हते, कारण प्लेगवर तेव्हा औषधच नव्हतं. पाठीतल्या सुईचं तसंच झालं. जो आधीच बेशुद्धीच्या काठावर आहे, त्यालाच सुई टोचली जायची. तो मेला किंवा अधू झाला की बोल सुईला लागायचा. उशिरा आणायचं, मग वाईट व्हायचं, मग पुढच्याने आणखी उशिरा आणायचं. तीन पिढ्या हे चालू होतं.

चुलत्याने शेवटी सही केली ती आबांनी समजावल्यावर. निदान झालं क्षयाच्या मेनिंजायटिसचं.

हा आजार एके काळी म्हणजे मरणच. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दाखवून दिलं की या आजारातूनही काही रोगी वाचतात. त्याच वेळी त्यांनी रोगाच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिलीत रोगी शुद्धीवर असतो, फक्त डोकं दुखतं, मन लागत नाही, भूक मरते. दुसरीत गोंधळतो, नजर किंवा एखादा अवयव दगा देतो. तिसरीत बेशुद्ध. औषध पुढे सुधारलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं, नंतर रिफाम्पिसिन आलं, पण एक गोष्ट तेव्हापासून आजपर्यंत बदललेली नाही. कोणत्या पायरीवर औषध सुरू झालं, त्यावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं.

या आजारावर जगाला शिकवण्याइतकं काम मुंबईतच झालं, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि मेंदूच्या ऊतींचा अभ्यास करणारे डॉ. दराब दस्तूर यांनी क्षयाने मुलांच्या मेंदूची काय अवस्था होते, यावर १९७० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्याच वर्षी डॉ. नोशीर वाडिया आणि दस्तूर यांनी आवरणाच्या दाहाने मज्जारज्जू कसा आवळला जातो, ते लिहिलं होतं. ही माणसं जी पायरी बघत होती ती बहुतेक दुसरी किंवा तिसरी. पहिल्या पायरीवरचे रोगी आमच्या मैदानांवर सराव करत होते.

आमचा पोरगा दुसऱ्या पायरीवर पोचला होता. वाचला, पण डोळे गेले. बदलीची नोकरी हाताशी आलेली, तीही गेली.

आबांनी त्यानंतर तालमीत एक रीत घातली. कुणीही मान, पाठ किंवा पाय दाखवायला आला की आधी पालथा हात त्याच्या कपाळाला लावायचा. मग म्हणायचं, ‘हनुवटी छातीला लाव.’ अंग गरम असेल किंवा हनुवटी टेकत नसेल तर तेलाची बाटली उघडायची नाही. खरा वस्ताद ताप पाहून हात मागे घेत नाही, असं म्हणणारे जुने लोक होते. आबांनी त्यांचं ऐकलं नाही. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, माणसं गावी गेली आणि तालीम ओस पडली. तोवर ती रीत पाळली गेली.

क्षयाचा मेनिंजायटिस आठवडे घेतो. मेनिंगोकॉकस नावाच्या जंतूचा मेनिंजायटिस तास घेतो. सकाळी सराव केलेला मुलगा रात्री अतिदक्षता विभागात असू शकतो. आपल्याकडे त्याच्या मोठ्या साथी दिल्लीने पाहिल्या, १९८५ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये. तो बंदिस्त जागी एकत्र राहणाऱ्या तरुणांमध्ये पसरतो, म्हणजे बराकी, वसतिगृहं आणि क्रीडा शिबिरं. इटलीची बेबे व्हियो लहानपणापासून तलवारबाजी खेळायची. २००८ मध्ये अकराव्या वर्षी तिला हा आजार झाला आणि जीव वाचवायला दोन्ही हात कोपराखाली, दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. २०१६ मध्ये रिओच्या पॅरालिंपिकमध्ये कृत्रिम हाताला तलवार बांधून तिने सुवर्णपदक मिळवलं. तिचा खेळ पाहताना मला अभिमानाइतकीच धास्ती वाटते, कारण मी आयुष्यभर त्याच वयाच्या मुलामुलींना शिकवलं आहे.

२००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ब्रिटनमधल्या या आजाराच्या मुलांचा अभ्यास आला. त्यातलं एक निरीक्षण प्रत्येक व्यायामशाळेत लावावं असं आहे. ताठ मान, उजेड सहन न होणं, अंगावरचे डाग ही पुस्तकी लक्षणं बऱ्याच उशिरा उमटली होती. त्याच्या कितीतरी तास आधी पाय दुखत होते, हातपाय गार पडत होते, कातडीचा रंग उतरला होता. आणि जवळजवळ निम्म्या मुलांना पहिल्या भेटीत डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. पाय दुखणं! कबड्डीच्या मुलाचे पाय कधी दुखत नाहीत? मल्लखांबावरून उतरलेल्या मुलीचे हात कधी भरून येत नाहीत? पण सरावाने दुखणारे पाय गार नसतात आणि त्यांच्याबरोबर ताप नसतो. तांबडे-जांभळे डाग काचेचा पेला दाबून बघायचे, दाबल्यावर फिके पडत नसतील तर क्षणभर थांबायचं नाही. आपल्या सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीच्या आतली बाजू बघायची.

आज तालमीच्या जागी टॉवर आहे आणि टॉवरमध्ये जिम. मातीऐवजी मॅट आली. तेलाच्या बाटलीऐवजी गार फवारा आला आणि वेदनाशामक गोळीची पट्टी प्रत्येक पोराच्या बॅगेत असते. गोळीने ताप उतरतो, डोकं थांबतं, पोरगा खेळतो. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. हिंदमाताचा चौक पाण्याने तुंबतो, मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड एकाच आठवड्यात येतात आणि सगळ्यांची सुरुवात ताप आणि डोकेदुखीनेच होते. परळच्या दवाखान्यातला डॉक्टर आधी मलेरियाचा विचार करतो, तो बरोबरच करतो. त्याला ‘काल मान पुढे वाकत नव्हती, आज बोलण्यात फरक वाटतोय’ हे सांगायचं काम मुलाबरोबर आलेल्या माणसाचं आहे. तो माणूस बहुतेक वेळा प्रशिक्षक असतो.

लशीबद्दलही एक बोचरी गोष्ट आहे. जन्मल्यावर टोचली जाणारी बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या मेनिंजायटिसपासून बऱ्यापैकी वाचवते, पण विशीपर्यंत तिच्यावर विसंबता येत नाही. मेनिंगोकॉकसची लस मुंबईला अनोळखी नाही. हजला जाणाऱ्या प्रत्येकाला ती घ्यावीच लागते. गिरगाव-दादरचा मुलगा अमेरिकेत शिकायला निघाला की तिथल्या वसतिगृहासाठी ती मागतात आणि आईवडील मुकाट्याने पैसे भरून टोचून घेतात. पुण्यात हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेच्या मेनिंजायटिस पट्ट्यासाठी अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची लस बनवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून तिची मोहीम सुरू झाली आणि तिथल्या ‘ए’ प्रकारच्या साथी जवळपास थांबल्या. मराठी मुलखात बनलेल्या लशीने परमुलखातली गावंच्या गावं वाचवली. आपली किशोर गटाची मुलं मात्र शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर ओळीने झोपून, एका बाटलीला तोंड लावून शिबिरं करतात आणि त्यांना ही लस द्यावी का, हा प्रश्न कुठल्या संघटनेच्या बैठकीत आलेला मी ऐकला नाही. तो यावा, एवढं मी हट्टाने मांडत आलो आहे. शिबिरात एकाला हा आजार निघाला तर बाकीच्यांना चोवीस तासांच्या आत प्रतिबंधक औषध द्यावं लागतं, हे तरी निदान प्रत्येक शिबिरप्रमुखाला तोंडपाठ हवं.

शाळेतून निवृत्त झाल्यावरही मी संध्याकाळी मैदानावर जातो. तरुण प्रशिक्षक विचारतात, ‘सर, पोरं खरं सांगतच नाहीत, मग ओळखायचं कसं?’ ते खरं आहे. निवड तोंडावर असली की पोरगा ‘काही नाही सर, बरा आहे’ असंच म्हणणार. नोकरीची आशा आजही खेळालाच बांधलेली आहे. म्हणून मी पोराला विचारायचं सोडून दिलं आहे. सरावात कुणी सुस्त दिसला, डोकं धरून बसला, तर त्याच्या आईला फोन लावतो. वहिनी, रात्री उलटी झाली का? दिवा लावला की तोंड फिरवतो का? घरात कुणाला टीबी होऊन गेला का? आणि तुमच्याशी नेहमीसारखा बोलतोय का? या शेवटच्या प्रश्नाला ती अडखळली, तर त्या दिवशी सराव तिथेच थांबतो आणि आम्ही टॅक्सी करून दोंदे मार्ग गाठतो.